बायकांचा कॉलम कुठंय? डेटा शिकणाऱ्यांसाठी स्त्रीवादी नजरेची कामचलाऊ गाइड, नाशिकच्या उदाहरणांसकट

हे कोणासाठी आहे ते आधी सांगते. तुम्ही नाशिकमध्ये बीएस्सी, बीसीए, एमएसडब्ल्यू नाहीतर लायब्ररी सायन्स करताय, किंवा एखाद्या संस्थेत लागलात आणि सर्व्हेचं काम गळ्यात पडलंय, एक्सेल बऱ्यापैकी येतं, पिव्होट टेबल जमतं किंवा जमेल, आणि वरून कोणीतरी "जेंडर अँगल पण बघा हं जरा" म्हणून मोकळं झालंय. आता तो अँगल बघायचा म्हणजे करायचं काय हे कोणी सांगत नाही. मग बहुतेक रिपोर्टात शेवटी एक बार चार्ट येतो, निळे पुरुष, गुलाबी महिला, झालं जेंडर.

स्त्रीवादी नजर म्हणजे बायकांच्या विषयावरचाच डेटा असं नाही. कांद्याच्या भावाचा घ्या, पाण्याच्या टँकरचा घ्या, बसच्या तिकिटांचा घ्या. विचारायचं एवढंच की हा कॉलम कोणी ठरवला, कोणाला विचारून भरला, कोण मोजायचं राहिलं, आणि त्या राहण्याने कोणाचं फावलं. ऑफिसात "फेमिनिस्ट" म्हटल्यावर कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर सांगायचं डेटा क्वालिटी चेक करतेय. खोटं नाहीये ते.

थिअरी फार नको सुरुवातीला. अमेरिकन अभ्यासक डोना हॅरावे यांनी १९८८ साली एका निबंधात मांडलं की सगळं ज्ञान कुठल्यातरी जागेवरून बघितलेलं असतं, वरून सगळं दिसणारी तटस्थ नजर हा आव आहे. २०२० मध्ये कॅथरीन डिग्नाझिओ आणि लॉरेन क्लाइन यांचं 'डेटा फेमिनिझम' आलं, त्यात सात तत्त्वं आहेत, सत्ता तपासा, संदर्भ बघा, श्रम दिसू द्या वगैरे, आणि ते ऑनलाइन फुकट वाचता येतं. आधी हात घाण करा, मग वाचा, जास्त कळतं असं माझं मत.

पायरी १: प्रश्न लहान करा

"नाशिक जिल्ह्यातील महिलांची स्थिती" हा प्रश्न नाही, ते पीएचडीचं टायटल आहे, तेही वाईट. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या वर होती, तालुके पंधरा, त्यात पेठ-सुरगाण्याचे पाडे आहेत, मालेगावचे यंत्रमाग आहेत, सातपूर-अंबडची एमआयडीसी आहे आणि गंगापूर रोडचे फ्लॅट पण आहेत. या सगळ्यांची सरासरी काढून हातात काय येणार?

मी इथे एक प्रश्न घेते, पूर्ण लेखात शक्यतो तोच चालवू: निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या बायका सरकारी आकड्यांत कुठे दिसतात? तुम्ही तुमचा घ्या. प्रश्नात जागा हवी, माणसं हवीत, आणि "कुठे दिसतात" किंवा "कोणत्या खात्यात धरल्या जातात" असं काहीतरी तपासता येण्यासारखं हवं.

पायरी २: आकड्याच्या आधी फॉर्म शोधा

नवीन माणूस थेट सीएसव्ही डाउनलोड करतो आणि चार्ट काढायला बसतो. थांबा. आधी तो डेटा ज्या फॉर्मवर भरला तो फॉर्म आणि भरणाऱ्यांना दिलेल्या सूचना शोधा, बऱ्याचदा पीडीएफ असते, कंटाळवाणी असते, पण अर्धं उत्तर तिथेच असतं.

रोजगाराचा देशपातळीचा मोठा सर्व्हे म्हणजे पीएलएफएस. त्यात प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. स्वतःचा धंदा ११, घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी मदत २१, पगारी नोकरी ३१, रोजंदारी ५१. आणि मग ९२ आणि ९३. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, अधिक सरपण, भाजीपाला, जनावरांचा चारा गोळा करणं, घरच्यासाठी शिवणकाम वगैरे. ११ ते ५१ वाल्या कामगार, ९२-९३ वाल्या कामगार नाहीत, श्रमशक्तीच्याच बाहेर. म्हणजे डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन डोंगर उतरणारी बाई हिशेबात "काम करत नाही". आणि २१ आणि ९३ मधली रेघ बघा किती बारीक आहे, स्वतःच्या म्हशीला घातलेल्या चाऱ्याचं दूध डेअरीला जातं की घरात पितात यावर ती बाई इकडची तिकडे होऊ शकते.

हे लक्षात ठेवून आता एक बातमी वाचा. १५ वर्षांवरच्या महिलांचा श्रमशक्ती सहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या किती टक्के) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. आनंदाची गोष्ट? थोडी आहे, थोडी नाही. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारातला आहे, आणि त्यात कोड २१ च्या, म्हणजे हातात एक रुपया न येणाऱ्या बायका भरपूर. कोणी म्हणतं बायका खरंच शेतात जास्त उतरल्या, कोणी म्हणतं आधीही होत्याच, आता नीट विचारलं म्हणून दिसल्या. दोन्ही असू शकतं. पण कोड न बघता "महिला सक्षमीकरण वाढलं" असं हेडिंग टाकू नका प्लीज.

जनगणनेचंही तेच. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, नाहीतर सीमांतिक. आता आपल्या बाईला यात बसवून बघा. पावसाळ्यात सुरगाण्याला स्वतःच्या शेतात भात-नागली, दिवाळीच्या पुढेमागे दिंडोरीकडे द्राक्षाला, ऑक्टोबर छाटणीनंतरची फेलफूट (नको असलेली फूट) काढणी, मग थिनिंग (घडातले जास्तीचे मणी काढणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग खुडा, उन्हाळ्यात परत गावी. ती वर्षभर राबतेय पण तुकड्या-तुकड्याने, आणि विचारणारा कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी, कोणाला विचारतो यावर ती शेतकरी की मजूर, मुख्य की सीमांतिक, का नुसतीच "घरी" ते ठरणार. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला "शेतात किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी काम धरून" असे शब्द जोडले गेले, ते आपोआप झालं नाही, महिला संघटना आणि अभ्यासकांनी मागे लागून करून घेतलं. म्हणजे फॉर्ममधलं एक वाक्य हा पण आंदोलनाचा विषय असतो.

मोजायचं एककही बघा. बागेत टोळी उक्त्यावर (सगळ्या कामाचे मिळून ठरवून) घेतली की हिशेब एकराचा होतो, पैसे मुकादमाच्या हातात, कोणत्या बाईला किती पडले ते कुठेच लिहिलेलं नसतं. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल (आगाऊ पैसे) नवऱ्याच्या नावावर. तुमच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस आहे, एक घर आहे, एक एकर आहे का एक कोयता, हे पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवा.

पायरी ३: सरासरी फोडा

हे एक गणित करून बघाच, कॅल्क्युलेटर घेऊन. २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार (लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणारा सरकारी सर्व्हे) बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं. हा आकडा सगळीकडे फिरला. ९७ मिनिटं, म्हणजे दीड तास, वाचून वाटतं चला एवढं तरी करतायत. पण खालची टीप वाचा: ही सरासरी फक्त त्यांची आहे ज्यांनी त्या दिवशी घरकाम केलं. केलं किती जणांनी? बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. आता २९९ ला ०.८१२ ने गुणा, साधारण २४३ मिनिटं. ९७ ला ०.२६१ ने गुणा, साधारण २५ मिनिटं. म्हणजे सगळ्यांवर पसरलं की तिप्पट वाटणारा फरक जवळजवळ दहापट होतो. कोणी खोटं बोललं नाही, छेद बदलला फक्त. २०२४ च्या सर्व्हेत ते आकडे २८९ आणि ८८ झालेत, दोघांचेही दहाएक मिनिटांनी कमी, त्यावर काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

म्हणून नियम असा की टक्केवारी दिसली की विचारायचं, कशाचे टक्के? सरासरी दिसली की विचारायचं, कोणाकोणाची?

दुसरं फोडणं म्हणजे "महिला" हा एकच गट न धरणं. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये दाखवलं की अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्धच्या एका केसमध्ये काळ्या बायकांना दादच मिळाली नाही, कारण कंपनीने बायका घेतल्या होत्या (गोऱ्या, ऑफिसात) आणि काळे कामगार पण घेतले होते (पुरुष, कारखान्यात), मग भेदभाव कुठे? दोन वेगवेगळ्या पिव्होट टेबलांत सगळं ठीक दिसत होतं, क्रॉस केल्यावर काळ्या बायकांचा चौकोन रिकामा. आपल्याकडे जिल्ह्यात साधारण चौथाई लोकसंख्या आदिवासी आहे. तुमच्या शीटमध्ये लिंग, जमात, तालुका आणि जमीन आहे-नाही हे चार कॉलम असतील तर पिव्होट एक-एकट्याने लावू नका, एकावर एक लावा. जिथे आकडा शून्य येतो किंवा एकदम खाली जातो तिथे बोट ठेवा.

एक सावधगिरी: जेवढं फोडाल तेवढा सॅम्पल लहान होतो. एखाद्या चौकोनात सात बायका असतील तर त्यांच्यावर टक्केवारी काढू नका, सात म्हणा. तसंच राज्यासाठी आखलेल्या सर्व्हेतून ओढूनताणून तालुक्याचा आकडा काढू नका. एनएफएचएसचं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) जिल्हा पत्रक मिळतं, पण नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचा आकडा त्यात शोधू नका, तो भाग कमी बायकांना विचारलेला असतो त्यामुळे राज्यापुरताच निघतो.

पायरी ४: कॉलमची नावं संशयाने वाचा

ही माझी आवडती पायरी, त्यामुळे थोडं लांबेल.

"कुटुंबप्रमुख" घ्या. समजा तुम्हाला महिलाप्रमुख घरं मोजायचीत आणि कोणीतरी रेशनकार्डाची यादी दिली. उघडून बघता तर घरोघर बाईच प्रमुख! कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात म्हटलंय की रेशनकार्डापुरती घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. चांगली तरतूद आहे, पण तो कॉलम घरातली सत्ता मोजत नाही, कायद्याचं पालन मोजतो. त्याच गावाचे सातबारे काढा, चित्र उलटं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये (जमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये) बायका १३.९६ टक्के होत्या. एकच घर, एकच बाई, एका कागदावर प्रमुख आणि दुसऱ्यावर नाहीच.

सातबाऱ्यावर नाव का नाही यालाही इतिहास आहे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. त्याच्याही आधी, १९८६ ला आपल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं होतं, पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढून बायकोच्या नावे जमीन करा म्हणून गावोगाव फिरून सांगितलं. आणि दुसरीकडे अजूनही हक्कसोड पत्रावर (जमिनीतला वाटा सोडला असं लिहून देणारा कागद) बहिणीची सही घेतली जाते, प्रेमानेच घेतली जाते, साडी-चोळी देऊन. त्यामुळे सातबाऱ्यावरचा रिकामा कॉलम बघून "बायकांना शेतीत रस नाही" असं कोणी लिहिलं तर त्याला एकदा हक्कसोड पत्राची फाइल दाखवा. आणि नाव असलं म्हणजे जमीन हातात असते असंही नाही, अनुदानासाठी बायकोचं नाव लावलेलं असू शकतं. नाव, कसणं, विकायचा निर्णय, पिकाचे पैसे कोणाच्या खात्यात, हे चार वेगळे कॉलम आहेत.

"पूर्ण नाव" हा तर डुप्लिकेट काढताना डोकं फिरवणारा कॉलम. समजा एक सुनीता आहे. शाळेच्या दाखल्यावर सुनीता आणि वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. सासरी नाव बदललं असेल तर रेशनकार्डवर ती वैशाली. तीन याद्या जोडल्या की सॉफ्टवेअरला तीन बायका दिसतात, किंवा कोणीतरी "मिसमॅच" म्हणून तिला उडवतं आणि अनुदान अडकतं. पुरुषांच्या नावांना हा ताप नाही, म्हणून ज्याने नाव जुळवायचं लॉजिक लिहिलं त्याच्या डोक्यातच येत नाही. याद्या जोडताना नुसत्या नावावर जाऊ नका, जन्मवर्ष आणि गाव बघा, शंका असेल तिथे ओळ उडवू नका, "तपासायचंय" असा वेगळा कॉलम करून तिथे खूण करा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर आलाय, त्यामुळे नाव तीन तुकड्यांत तोडणारी जुनी फॉर्म्युला आता नव्या मुलांच्या यादीवर गंडणार.

"वैवाहिक स्थिती" मध्ये विवाहित, अविवाहित, विधवा एवढंच ठेवून थांबू नका. नवऱ्याने टाकलेली, घटस्फोट न झालेली बाई विवाहितमध्ये जाते आणि तिचा प्रश्नच गायब होतो. परित्यक्ता आणि घटस्फोटित वेगळे ठेवा. लिंगाच्या कॉलममध्येही दोनच पर्याय नकोत. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा "इतर" आलं, देशभरात ४.८८ लाखांच्या आसपास लोक त्यात होते, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, तरी आजही फॉर्म बनवताना लोक ड्रॉपडाउनमध्ये दोन टाकून पुढे जातात. तृतीयपंथी हा पर्याय ठेवा, "सांगायचं नाही" हा पण ठेवा, आणि आधी स्वतःला विचारा की तुम्हाला हा कॉलम लागतोय का मुळात.

लायब्ररी सायन्सवाल्यांनो, हे तुमच्याकडेही आहे. पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्युई वर्गीकरणाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बायकांवरच्या पुस्तकांचा नंबर ३९६ होता, ३९५ च्या शेजारी, आणि ३९५ म्हणजे शिष्टाचार. आता ३०५.४, सामाजिक गटांमध्ये. अमेरिकेतल्या काँग्रेस लायब्ररीच्या विषय-शीर्षकांमध्ये पूर्वी "डॉक्टर म्हणून स्त्रिया" अशा धर्तीची शीर्षकं होती, जणू मूळ डॉक्टर म्हणजे पुरुषच, १९७० च्या दशकात ओरड झाल्यावर ती बदलायला लागली. कधी सावानात (सार्वजनिक वाचनालय नाशिक) गेलात तर कॅटलॉगमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह शोधा आणि १९३० च्या त्या सत्याग्रहातल्या बायका कोणत्या विषयाखाली सापडतात ते बघा. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या कहाण्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी फिरून, मुलाखती घेऊन गोळा केल्या तेव्हा कुठे त्या पुस्तकात आल्या. कागदावर नव्हतं म्हणजे घडलं नव्हतं असं नाही.

पायरी ५: स्वतः विचारायला जाताना

तयार डेटात उत्तर नाही असं दिसलं तर फिल्डवर जा. कोबो टूलबॉक्स (फोनवर फॉर्म भरायचं टूल) वापरा, फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं, पेठच्या पलीकडे त्याची गरज पडतेच.

प्रश्न कसा टाकता त्यावर सगळं आहे. बघा:

"ताई, काय काम करता तुम्ही?"
"काय नाय, घरीच अस्ते."

आता तोच प्रश्न दुसऱ्या दारातून:

"काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं सांगा बरं."
"उठले चारला. पाणी भरलं, भाकरी टाकल्या. साडेसातला पिकअप आली, थिनिंगला गेलो पिंपळगावच्या अल्याड. पाचला सुटलो. येताना काटक्या आणल्या थोड्या. मग सैपाक."

ती पहिल्यांदा खोटं नव्हती बोलली. तिला वाटलं काम म्हणजे नोकरी, आणि ती तर नाही. म्हणून "काम करता का" असं हो-नाही विचारूच नका, कालचा दिवस विचारा. टाइम यूज सर्व्हेपण असंच करतो, आदल्या पहाटे चारपासून चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, आणि एकाच तुकड्यात एकापेक्षा जास्त कामं लिहायची सोय. ती सोय तुमच्या फॉर्ममध्येही ठेवा, कारण भाकरी टाकता टाकता पोराचा अभ्यास घेणं चालूच असतं.

भाषा प्रमाण मराठीत नको. "आपण कोणत्या स्वरूपाचे श्रम करता" असं विचारलं तर बाई दाराआडून सासूला हाक मारते. पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोलणारी, बागलाण-मालेगावकडे अहिराणी बोलणारी तिथलीच मुलगी सोबत घ्या, आणि तिला पैसे द्या, "अनुभव मिळेल" वर भागवू नका. वेळ सकाळी अकराची धरू नका, मजुरीवाली बाई तेव्हा बागेत असते, घरी सापडते ती न जाणारी, मग तुमचा सॅम्पल सुरुवातीलाच वाकडा. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी पण नको. मग कधी? त्यांनाच विचारा, बहुतेक वेळा पिकअपची वाट बघतानाची ती पंधरा-वीस मिनिटं असतात, तेवढ्यात मावेल एवढाच फॉर्म करा.

फोनवर सर्व्हे उरकायचा मोह होईल. एनएफएचएस-५ मध्ये देशात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका साधारण ५४ टक्के होत्या, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३.३ टक्के. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअॅपवर टाकली म्हणजे उरलेल्या दोन-तृतीयांश तुम्ही आधीच वगळल्यात, आणि ज्यांच्याकडे पोचली त्यातला फोन कदाचित मुलाच्या हातात आहे.

नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असेल तर पैशाचे, मारहाणीचे प्रश्न विचारू नका. एनएफएचएसमध्येही हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला, एकटीत विचारतात, एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. नवख्यांनी तर हिंसेवर सर्व्हे करूच नये असं मी म्हणेन, प्रशिक्षण नाही, पुढे पाठवायला कोणी नाही, तर विचारून जखम उघडायची कशाला. तरी बोलता बोलता कोणी सांगितलंच तर १८१ महिला हेल्पलाइन माहीत असू द्या, आणि जवळच्या एखाद्या संस्थेचा नंबर निघायच्या आधीच घेऊन ठेवा.

पायरी ६: काय छापायचं नाही

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. चाळीस घरांच्या पाड्यात "वय ३४, विधवा, दोन मुली, शिवणकाम" एवढं लिहिलं की सगळ्यांना कळलं कोण. टेबलात पाचपेक्षा कमी आकडा आला तर तो झाका किंवा दोन गट एकत्र करा, ही बऱ्याच ठिकाणची पद्धत आहे. नकाशावर घराचा पिन टाकू नका, कोबो लोकेशन गोळा करत असेल तर बंद करा. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही एकदा वाचून घ्या.

पोलिसांच्या आकड्यांबद्दल एक. एनसीआरबी (देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारी सरकारी संस्था) एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा मोजते. म्हणजे त्याच एफआयआरमधले बाकीचे गुन्हे त्या मोजणीत दिसत नाहीत. शिवाय केसेस वाढल्या याचा अर्थ अत्याचार वाढले असाही होतो आणि बायका तक्रार द्यायला यायला लागल्या असाही होतो. "नाशिक महिलांसाठी असुरक्षित" टाइपचं हेडिंग एका बार चार्टवर टाकू नका.

पायरी ७: डेटा गोळा करणारीला विसरू नका

ज्या आरोग्याच्या डेटावर तुम्ही डॅशबोर्ड बनवताय तो बऱ्याच अंशी आशा आणि अंगणवाडी ताईंनी भरलेला असतो. आशांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२१ पासून अंगणवाडीत पोषण ट्रॅकर अॅप आलं, त्यात वजन-उंची भरायची, रजिस्टर बऱ्याच ठिकाणी सुटलेलं नाही, रेंज नसली की टेकडीवर जायचं. मग एखाद्या महिन्यात आकडे गोल-गोल दिसले, सगळ्या पोरांची वजनं पूर्णांकात, तर "फील्ड स्टाफ कामचुकार" लिहायच्या आधी जाऊन विचारा की वजनकाटा चालू आहे का आणि त्या आठवड्यात ताईंना अजून कुठली ड्युटी लावली होती. उत्तर तिथे सापडतं. आणि रिपोर्टात नाव सगळ्यात वर कोणाचं, प्रोफेसरांचं का? गोळा करणाऱ्यांचं पण टाका, त्यांना चालत असेल तर.

पायरी ८: मशीनला पण तेच प्रश्न

इथे थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतायत. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली, गोऱ्या पुरुषांमध्ये चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांमध्ये ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकूण अचूकता विचारली असती तर सॉफ्टवेअर पास. त्याच वर्षी बातमी आली की अॅमेझॉनने बायोडेटा निवडणारं एक टूल गुंडाळलं, जुन्या अर्जांत पुरुषच जास्त म्हणून ते बायकांना मार्क कमी देत होतं. पायरी ३ मध्ये केलं तेच इथे करा. मराठी बोलणं लिहून देणारं एखादं टूल वापरत असाल तर पुण्याच्या मुलाचा आवाज आणि सुरगाण्याच्या आजीचा आवाज, दोन्ही टाका, चुका वेगवेगळ्या मोजा, मगच मुलाखती त्याच्यावर सोडा.

पायरी ९: परत घेऊन जा

इथे बहुतेक जण गळतात. रिपोर्ट झाला, पीपीटी झाली, सर्टिफिकेट मिळालं, संपलं. ज्या बायकांनी पिकअपची वाट बघताना तुम्हाला माहिती दिली त्यांना एक पान पण मिळत नाही.

गावात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ग्रामपंचायतीत विचारून तारीख घ्या, सभा कागदावरच होत असेल तर तेही कळेल, आणि तुमचं पान तिथे न्या. एक पान, मोठा फॉन्ट, तीन आकडे, फार तर चार, मोठ्याने वाचून दाखवायचं. मग गप्प बसा आणि त्या काय म्हणतात ते लिहा. "हे चुकीचं आहे, आम्ही उक्त्यावर जातो तेव्हा रोज जास्त पडतो" असं कोणी म्हणालं तर जुना आकडा पुसून नवा टाकू नका. शेजारी एक कॉलम वाढवा, "सभेत सांगितलेलं", तारीख टाका, आणि दोन्ही ठेवा, कारण उक्तं आणि रोजंदारी हे दोन वेगळे दर आहेत हे तुमच्या पहिल्या फॉर्मला माहीतच नव्हतं. काही माहिती सरकारी खात्याकडे अडकली असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी दहा रुपये, त्या अर्जात "महिलांची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, रजिस्टरचं नाव, वर्ष आणि कॉलम लिहून मागा, नाहीतर "सदर माहिती उपलब्ध नाही" असं एक ओळीचं पत्र येतं. आलंच तर तेही फाइलला लावा, पहिलं अपील तीस दिवसांत करता येतं.